तीन दुकानं, तीन कोरे तक्ते आणि उरलेले तीन आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅनेजमेंट शिकणारी एक विद्यार्थिनी केनियातल्या किसुमू शहरात आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपवर आहे. छोट्या व्यावसायिकांना कारभार सुधारायला मदत करायची, असं काम. तिच्या वाट्याला तीन धंदे आले: एक किराणा दुकान, शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई आणि जुने कपडे विकणारी एक बाई. तिने तिघांसाठी एक्सेलमध्ये साठा, विक्री आणि नफ्याचा तक्ता बनवला, तो मोबाइलवर कसा भरायचा हे दोन दिवस शिकवलं. तिघांनी मान डोलावली. पाच आठवडे झाले, तिन्ही तक्ते कोरे आहेत. ती विचारते, "माझं काय चुकलं, आणि उरलेल्या तीन आठवड्यांत काय करू?"

वयाने तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून एकेरीत लिहितो. मी मूळचा कॉस्टिंगचा माणूस. वीसेक वर्षं लहान कारखान्यांचे हिशेब बघितले, मग विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन नैरोबी आणि किसुमूच्या वाऱ्या सुरू झाल्या. कोऱ्या तक्त्यांचा मला चांगला सराव आहे, त्यामुळे आधी घाबरणं सोड.

माझं पहिलं काम सांगतो. नैरोबीत कारियोबांगीला पत्र्याच्या पेट्या बनवणारा एक कारागीर होता. केनियात बोर्डिंग शाळेत जाणारी मुलं अशी पेटी घेऊन जातात. उघड्यावर, उन्हात चालणाऱ्या या कारागिरीला तिकडे 'जुआ काली' म्हणतात, म्हणजे कडक ऊन. या गड्याची हत्यारं एका गोणपाटाच्या पोत्यात असायची. एक छिन्नी हवी तर अख्खं पोतं उपसायचं. मी खूश झालो, कारण ही चूक पुस्तकातली होती आणि उत्तरही पुस्तकात होतं. फळी आणली, खिळे ठोकले, प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली, जागच्या जागी टांगलं. तो 'सावा, सावा' (ठीक, ठीक) म्हणत राहिला. आठवड्याने गेलो तर फळीवर त्याचा शर्ट वाळत होता आणि हत्यारं परत पोत्यात. विचारलं तेव्हा कळलं की त्या जागेला रात्री कुलूप नसतं. संध्याकाळी पोतं खांद्यावर टाकून तो घरी जायचा. दोन डझन हत्यारं रोज फळीवरून काढा, रोज लावा, यापेक्षा पोतं उपसणं स्वस्त होतं. "रात्री हत्यारं कुठे ठेवतोस?" एवढा एकच प्रश्न मी विचारला नव्हता.

तुझ्या तक्त्याचंही असंच काहीतरी आहे. तो भरला तर कोण कोण बघणार, हा प्रश्न त्या तिघांना पहिल्या दिवशीच पडला असणार.

आधी कराचं बघ. केनियात छोट्या धंद्यांना विक्रीवर टर्नओव्हर टॅक्स आहे. 2023 च्या वित्त कायद्याने तो 1 टक्क्यावरून 3 टक्के केला आणि वर्षाला 10 लाख ते अडीच कोटी शिलिंग विक्री असलेल्यांना त्यात धरलं. आता हिशेब कर. दुकानात रोज 3,000 शिलिंगची विक्री झाली तर वर्षाची बेरीज 10 लाखांच्या थोडी वर जाते. म्हणजे तुझा किराणा दुकानदार बहुतेक बरोबर त्या काठावर उभा आहे. त्याला कायदा तोंडपाठ नसेल, पण रोजची विक्री तारखेनिशी लिहून ठेवणं आणि तेही परदेशी पाहुणीच्या फाइलमध्ये, हे त्याला कसं वाटत असेल याचा विचार कर. कर चुकवायला मदत करावी असं मी मुळीच म्हणत नाही. आकड्याला किंमत असते आणि ती त्याला माहीत आहे, एवढंच सांगतोय.

मग घरचे. गल्ल्यात किती आहेत हे कागदावर आलं की दिराला फी भरायला लागते, भावाला मोटारसायकल दुरुस्त करायची असते. आमच्या एका गटातल्या दुकानदारीणबाई शिल्लक मुद्दाम मालात अडकवून ठेवायच्या, साखरेची पोती जास्तीची घ्यायच्या. आमच्या पोरांनी त्याला 'अतिरिक्त साठा' म्हणून लाल रंग दिला. ती त्यांची तिजोरी होती. पोत्यातली साखर कुणी उसनी मागत नाही!

तिसरी गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल, कारण ती सांगायला अवघड आहे. तू तिकडे निव्वळ 'परदेशी विद्यार्थिनी' नाहीस, तू भारतीय दिसतेस. किसुमूला 1901 मध्ये रेल्वे पोचली. ती बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. रेल्वेच्या मागोमाग हिंदी व्यापारी पोचले आणि 'डुकावाला', म्हणजे दुकानवाला, हा शब्द तिथे रुजला. आजही शहरातला बराचसा ठोक व्यापार, हार्डवेअर, कापड हे भारतीय वंशाच्या केनियन कुटुंबांकडे आहे. ती माणसं तिथलीच आहेत, 2017 मध्ये केनियाच्या सरकारने त्यांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण तुझ्या किराणावाल्याच्या नजरेने बघ: ज्याच्याकडून तो तेल-साखर उचलतो, उधारीसाठी ज्याच्यापुढे उभा राहतो, त्याच्यासारखी दिसणारी मुलगी येऊन विचारते, "खरेदीचा भाव काय? नफा किती सुटतो?" तो खरं का सांगेल? आमच्या एका विद्यार्थ्याला महिनाभर सगळे भाव खोटे मिळाले होते. सगळ्या मालावर अगदी सारखाच नफा दिसायला लागला तेव्हा आम्हाला शंका आली. यावर उपाय एकच, थेट बोलणं. "मी कुठल्याही होलसेलरला ओळखत नाही, भाव मला नकोच आहेत, वही तुमच्याकडेच राहील." हे दुसऱ्या दिवशी बोलायचं असतं, पण पाचव्या आठवड्यातही चालतं.

आता कामाचं. एक्सेल बंद कर. तिघांकडे आधीपासून एक हिशेबाची वही आहे आणि ती स्वतःच भरते. एम-पेसा. 2007 पासून केनियाचा पैसा मोबाइलच्या मेसेजमधून फिरतोय. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक शिलिंगचा मेसेज असतो, वेळ असते, शिल्लक असते. अडचण एवढीच की बऱ्याच जणांकडे धंद्याचा, घराचा आणि चामाचा पैसा एकाच नंबरवर येतो. (चामा म्हणजे आपली भिशी, फक्त तिकडे तिच्यावर जमिनी घेतल्या जातात इतकी ती गंभीर गोष्ट आहे.) दुकानाचा पैसा 'लिपा ना एम-पेसा'च्या टिल नंबरवर (दुकानासाठी पैसे घ्यायचा वेगळा नंबर) किंवा छोट्या विक्रेत्यांसाठी असलेल्या 'पोची ला बियाशारा'वर घ्यायला लावलंस, तर तुझ्या तक्त्याचं अर्धं काम एका अर्जात होतं. रोज भरायला काही नाही. टिलचं स्टेटमेंट तू बघूही नकोस, त्यांचं त्यांना बघू दे.

उरलेलं काम प्रत्येकाचं वेगळं आहे.

किराणा दुकानापासून सुरू करतो, कारण तिथे सगळ्यात लवकर फरक दिसेल. लोरी बीमन, जेरेमी मॅग्रुडर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. केनियातल्या छोट्या धंद्यांचाच. विषय काय, तर सुट्टे पैसे. गिऱ्हाईक मोठी नोट घेऊन येतं, दुकानात सुट्टे नसतात, विक्री जाते. यात सरासरी धंद्याचा 5 ते 8 टक्के नफा बुडत होता. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. संशोधकांनी काही दुकानदारांना दर आठवड्याला नुसतं विचारलं की सुट्ट्यांअभावी किती गिऱ्हाईकं गेली. सल्ला नाही, शिकवणी नाही. तेवढ्या विचारण्याने दुकानदार जास्त सुट्टे बाळगायला लागले आणि बुडणारी विक्री कमी झाली.

त्यानंतर मोबाइलवर पैसे घेणं खूप वाढलं, हे खरं. पण तिकडचा किराणा 'काडोगो'वर चालतो, म्हणजे अगदी थोडं थोडं: मापाने तेल, चिमूटभर चहापत्ती, सुटी साखर. दहा-वीस शिलिंगच्या मालाला पुष्कळजण नाणं किंवा नोटच काढतात आणि सकाळी सात वाजता हजाराची नोट पुढे आली की दुकानदार शेजारच्या टपरीकडे पळतो. दुकान मोकळं राहतं ते वेगळंच.

तू असं कर. दोन रिकामे डबे घे आणि सोड्याच्या बाटल्यांची मूठभर बुचं. गिऱ्हाईक सुट्टे नाहीत म्हणून परत गेलं की पहिल्या डब्यात एक बूच. माल नाही म्हणून परत गेलं की दुसऱ्यात एक. लिहायचं काही नाही. रात्री दुकान बंद करताना दुकानदाराने स्वतः मोजायची. तू मोजू नकोस, हात पुढे आला तरी आवर. आम्ही केलं तेव्हा पहिल्या दिवशी दुकानदार म्हणाला होता, "दिवसाला एखादंच जात असेल." संध्याकाळी डब्यात नऊ बुचं होती. त्याने ती दोनदा मोजली, मग आपल्या मुलाकडे असं बघितलं जणू त्यानेच दोन-चार जास्तीची टाकली असावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपण होऊन सहाशे शिलिंगची नाणी आणि पन्नासाच्या नोटा आणून एका वेगळ्या डब्यात ठेवल्या. दुसऱ्या डब्यातल्या बुचांवरून खरेदीची यादी निघते, ती कुठल्याही साठ्याच्या तक्त्यापेक्षा बरी, कारण तक्ता आहे त्या मालाची गोष्ट सांगतो आणि बूच नसलेल्याची.

जुन्या कपड्यांच्या बाईंना मात्र तुझ्या तक्त्याने नुकसानच झालं असतं, त्यांनी तो भरला नाही हे बरं झालं. तिकडे या मालाला 'मितुम्बा' म्हणतात, म्हणजे गाठोडी. साधारण 45 किलोची बांधलेली गाठ न उघडता विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशीब. समजा गाठ 15,000 शिलिंगला पडली आणि आत 250 नग निघाले. तुझा तक्ता भागाकार करून सांगणार, एका नगाची किंमत 60, त्याखाली विकला तर तोटा. आणि रविवारी संध्याकाळी त्या बाई तीस-तीसला ओरडून विकताना बघून तू चक्रावणार. पण त्या बरोबर आहेत. गाठ उघडली की पहिल्या तासात उत्तम नग वेगळे निघतात, त्यांना बाजारात 'कॅमेरा' म्हणतात. ते नेहमीची, फोन करून बोलावलेली गिऱ्हाईकं चढ्या भावाने नेतात. तिथेच बहुतेक भांडवल सुटतं. उरलेल्या ढिगाला 60 ही किंमत नसतेच. ती पूर्ण गाठीची होती आणि गाठ उघडताक्षणी संपली. आता त्या ढिगाने अडवलेली जागा आणि अडकवलेले दिवस हाच खर्च. कॉस्टिंगमध्ये आम्ही याला संयुक्त खर्च म्हणतो आणि परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो. त्या बाईंना तो न शिकता येतो.

मग तिथे मोजायचं काय? गाठ किती दिवसांत स्वतःचे पैसे काढते, एवढंच. गाठ उघडल्यावर येणारा पैसा त्या गाठीच्या नावाच्या पिशवीत टाकायचा, 15,000 झाले की तो दिवस भिंतीवर खडूने लिहायचा. चार-पाच गाठींनंतर त्यांना कळेल की मुलांचे स्वेटर सहा दिवसांत सुटतात आणि बायकांचे कोट तीन आठवडे घेतात. (आकडे उदाहरणादाखल.) पुढची गाठ कुठली घ्यायची ते मग त्या ठरवतील. तुझ्या मुक्कामात एक-दोनच गाठी होतील, पण खडू आणि भिंत तिथेच राहणार आहे. किसुमूतला किबुयेचा बाजार रविवारी भरात असतो, त्या दिवशी तरी सुट्टी घेऊ नकोस. पहाटेपासून बाईंच्या शेजारी बस, घड्या घाल आणि काही विचारू नकोस.

गणवेशाचं काम तुला सोपं वाटेल, कारण तिथे यंत्र आहे, माप आहे, तुझ्या अभ्यासक्रमातले शब्द चालतात. एक दिवस मशीनपाशी बसून मशीन का थांबतं तेवढंच टिप. आम्ही बसलो होतो तेव्हा शिवण्याचा वेग अजिबात अडचणीचा नव्हता. शर्ट काज करायला दोन गल्ल्या पलीकडे जायचे, काजाचं मशीन तिथे एकाकडेच होतं. शिवणारी एकेक शर्ट झाला की पोराला पाठवायची, पोरगा तिथे रांगेत बसायचा, तोवर बटणं-इस्त्री अडलेली. दिवसातून दोनदा गठ्ठ्याने पाठवायचं ठरलं आणि पोरगा इस्त्रीला मोकळा झाला. आम्हाला वाटलं झालं काम. ती म्हणाली, "हे ठीक आहे, पण माझं दुखणं कापड आहे." आणि खरंच तसं होतं. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. त्या पंधरवड्यात अर्धं शहर गणवेश मागतं आणि नेमकं तेव्हा तिच्या हातात पैसा नसायचा, म्हणून ती कापड मीटरवर, किरकोळ भावाने, तेही अर्धं उधार घ्यायची. आगाऊ रक्कम मागितली तर आया दुसरीकडे जातील ही भीती, आणि ती भीती खोटी नव्हती. एकट्या शिवणारीने आगाऊ मागून चालत नाही. शेवटी त्या ओळीतल्या चौघींनी मिळून नोव्हेंबरात तागा घेतला, पैसे त्यांच्याच चामातून. ही कल्पना आमची नव्हती. आम्ही फक्त ताग्याचा आणि मीटरचा भाव एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिला होता.

इथून तुझ्या तीन आठवड्यांतलं सगळ्यात मोठं काम निघतं. नैरोबीच्या दांदोरा भागात वायट ब्रुक्स, केविन डोनोव्हन आणि टेरेन्स जॉन्सन यांनी एक प्रयोग केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यात नव्या असलेल्या बायकांपैकी काहींना वर्गात बसवून व्यवसाय-शिक्षण दिलं, काहींची गाठ त्याच वस्तीतल्या जुन्या, यशस्वी धंदेवाल्या बाईशी घालून दिली. वर्गाचा नफ्यावर परिणाम दिसला नाही. ज्यांना मार्गदर्शक बाई मिळाली त्यांचा नफा सरासरी 20 टक्के वाढला, मुख्यतः स्वस्त पुरवठादार कुठे आहे हे कळल्यामुळे. ती माहिती तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही आणि कुठल्याच पुस्तकात नाही. पुढे जोड्यांच्या भेटीगाठी थांबल्या तसा फायदाही ओसरत गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून ओळख अशी करून दे की ती टिकायला दोघींकडे काहीतरी कारण असेल: एकच चर्च, एकच चामा, एकाच टेम्पोतून येणारा माल. तुझ्या किराणावाल्याला बाजारात मान असलेला एखादा जुना दुकानदार शोध, चहा तुझ्याकडून, आणि मग तू उठून जा. तू बसून राहिलीस तर दोघे तुझ्याशीच बोलतील, आणि इंग्रजीत.

शिकवणं सगळं फुकट जातं असा याचा अर्थ काढू नकोस. केनियातच बायकांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला, त्यात तीन वर्षांनंतर विक्री आणि नफा वाढलेला दिसला. तीन वर्षांनंतर! तुझ्याकडे तीन आठवडे आहेत, तेव्हा तुझा नंबर त्यात लागत नाही.

तू शेवटी अगदी दबकत विचारलं आहेस की इंटर्नशिपच्या अहवालात काय लिहायचं, कारण संस्थेच्या फॉर्ममध्ये 'किती व्यावसायिकांनी डिजिटल प्रणाली स्वीकारली' असा रकाना आहे. शून्य लिही. खाली दोन पानं जोड आणि तिघांनी का स्वीकारली नाही ते एकेकाचं सांग. नावं आणि भाव वगळून, आणि पाठवण्याआधी त्या तिघांना वाचून दाखवून. तुझ्या आधी आलेल्या मुलांनी त्या रकान्यात तीन-तीन लिहिलं असणार, म्हणून तर तुलाही एक्सेल घेऊनच पाठवलं. पुढच्या वर्षी येणारा मुलगा त्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहील. त्याला निदान हे माहीत असू दे की साखरेची जास्तीची पोती मोजायची नाहीत.

बुचं मात्र आजच गोळा करायला लाग. तिकडे बऱ्याच दुकानांत आता प्लास्टिकच्या बाटल्या आल्यात, पत्र्याची बुचं मिळायला दोन दिवस जातात.